कुलगुरू महोदय, मुगाची एक चाचणी खारवट रानात घ्या

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी

महोदय,


मागणं आधी सांगतो, कारणं मागून. जळगाव-धुळ्याकडच्या खारवट आणि चोपण रानांत मूग, उडीद आणि चवळीच्या वाणांची रीतसर चाचणी घ्या, आणि क्षार सोसण्याची ताकद हा वाण पसंत करण्याचा एक निकष धरा. धुळ्याचं कृषी महाविद्यालय १९६० चं, म्हणजे आपल्या विद्यापीठाहूनही जुनं. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जेएल-२४ भुईमूग देशभर पेरला गेला. तेव्हा हे मागणं हक्काच्या ठिकाणीच करतो आहे. पत्र जाहीर लिहिण्याचं कारण इतकंच की हे काम एका विभागाच्या टेबलावर मावणारं नाही. माती पाहणारे, वाण काढणारे आणि जनुकं वाचणारे तिघंही एका बांधावर आल्याशिवाय ते व्हायचं नाही.

खारं पाणी म्हटलं की लोकांना अकोला, अमरावती, बुलढाण्याचा खारपाणपट्टा आठवतो. त्याला नाव आहे, नकाशा आहे. २०१८ साली सुरू झालेल्या कृषी संजीवनी प्रकल्पात त्या पट्ट्यातली ९३२ गावं वेगळी मोजली गेली. आमच्याकडचा खार असा एका पट्ट्यात सापडत नाही, तो तुकड्यातुकड्यांनी आहे. तापीच्या खोल गाळात, कालव्याखालच्या सखल रानांत, नाल्याच्या काठानं, आणि फेब्रुवारीनंतर जिथं सगळी भिस्त बोअरवर असते तिथं. एका शेतात दोन गुंठे, शेजारच्या शेतात पाच. तुकड्यांना नकाशा नसतो आणि ज्याला नकाशा नाही त्याला योजनाही नसते.

त्यातही दोन तऱ्हा आहेत. एक पांढरी. ठिबकच्या नळीपासून थोड्या अंतरावर, जिथं ओल संपते, तिथं मिठाची कड उमटते. उन्हाळाभर ती तिथं निवांत असते आणि पहिल्या पावसात विरघळून नेमकी मुळांशी जाते. म्हणून जाणता शेतकरी मृगाच्या पहिल्या सरीत ठिबक बंद करत नाही. बघणाऱ्याला वाटतं याला वीजबिलाची फिकीर नाही. तो खरं तर मीठ खाली आणि बाहेर ढकलत असतो. दुसरी तऱ्हा काळी, म्हणजे चोपण. वर तेलकट काळपट साय धरते, डबक्यातलं पाणी दिवसचे दिवस गढूळ राहतं आणि वाळली की ढेकळं दगडासारखी होतात. इथं मिठापेक्षा सोडियमचा दोष मोठा. तो चिकणमातीच्या कणांना चिकटतो, माती फुगते, तिच्यातली हवा जाते. पांढऱ्या खारात झाड तहानतं आणि चोपणात ते गुदमरतंही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता तुम्ही विचाराल, इतकं आहे तर खान्देशातून ओरड कशी नाही? ओरड नाही याचं कारण कपाशी. मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ साली पिकांच्या क्षार सोसण्याचा जो तक्ता मांडला, तो आजही जगभर वापरात आहे. त्यात कपाशीचा उंबरठा ७.७ डेसिसायमन प्रति मीटर आहे. तिथपर्यंत तिच्या उत्पादनाला धक्का लागत नाही. घेवड्याचा म्हणजे राजम्याचा उंबरठा अवघा १.०, आणि त्यापुढे दर एककाला उत्पादन १९ टक्क्यांनी घसरतं. म्हणजे ज्या रानाची क्षारता ३ आहे तिथं कपाशी मजेत असते आणि घेवडा एक तृतीयांशाहून जास्त गमावून बसलेला असतो. मुगाचा आकडा नंतरच्या तक्त्यांत आला, उंबरठा १.८ आणि घसरण २०.७ टक्के. चवळी मात्र ४.९ पर्यंत तग धरते. एकाच शेंगवर्गीय गोतावळ्यात एवढं अंतर आहे, हे लक्षात असू द्या.

तर खार हळूहळू चढत जातो, कपाशी काही बोलत नाही, आणि आधी गळतो तो मूग. शेतकरी म्हणतो, ‘या रानात आता मूग येत नाही,’ आणि तो सोडून देतो. मूग-उडदाचा बेवड गेला की पुढच्या दादर ज्वारीचं गणित बिघडतं. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद लागतोच, आणि तो दुकानातून येऊ लागतो. ज्या जळगावात गल्लोगल्ली डाळ मिल, त्या जिल्ह्यातलं हे चित्र. देशाला उडीद म्यानमारहून आणावा लागतो ही बातमी आम्ही पेपरात वाचतो. पण आपल्या शेजारच्या रानातून तो का गेला याची बातमी कुठं येत नाही.

माती परीक्षण करा, असं सांगितलं जातं. केलं. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आणि ती चांगली गोष्ट आहे, यात वाद नाही. तिच्यात १२ गोष्टी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. यात सोडियम नाही, क्लोराइड नाही. विद्युत वाहकता आहे, पण ती मोजतात एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून. वरच्या तक्त्यातले आकडे मात्र संपृक्त मातीच्या अर्काचे आहेत, आणि तो अर्क कितीतरी दाट असतो. म्हणून पत्रिकेत ०.८ दिसलं, पुढे ‘सामान्य’ असा शेरा पडला, तरी मुळाला प्रत्यक्षात भेटणारा खार त्याच्या काही पट असू शकतो. कपाशीसाठी तो शेरा बरोबरच आहे. मुगासाठी तो खोटा ठरतो. पत्रिका पिकाला विचारत नाही, आणि शेतकरी पत्रिकेला प्रतिप्रश्न करत नाही.

तेव्हा पत्रिकेऐवजी झाडाकडेच जावं लागतं. उन्हाळी मुगाचं एक रोप खारवट तुकड्यातून आणि एक दहा पावलांवरच्या चांगल्या जमिनीतून, तिसरं-चौथं त्रिदल फुटल्यावर मुळासकट काढून पाहावं. खारवटातलं रोप बुटकं असतं, पण हिरवं असतं, नव्हे जरा जास्तच गडद हिरवं. त्यामुळे फसायला होतं. खालची पानं उलटून पाहिली की टोकापासून कडेकडेनं तांबूस करपलेली दिसतात. शेंड्याची पानं मात्र साफ. मुळावरची माती पाण्यात अलगद सोडवली की गाठी दिसतात. चांगल्या रोपाच्या गाठी नखानं फोडल्या तर आत गुलाबी, खारवटातल्या मोजक्या, बारीक आणि आतून पांढुरक्या. गुलाबी नाही म्हणजे नत्र बांधण्याचं काम बंद आहे. मजा अशी की गाठी करणारा रायझोबियम जिवाणू स्वतः बऱ्यापैकी खार सोसतो. कच खातं ते झाड, आणि मग बियाण्याला जिवाणूसंवर्धक कितीही चोळा, भागत नाही.

खालची पानं आधी का जळतात, इथून जनुकांची गोष्ट सुरू होते. मुळाला खार लागला की दोन संकटं एकामागून एक येतात. पहिलं तहानेचं. माती ओली असून पाणी ओढता येत नाही, हे झाडाला लगेच कळतं आणि वाढ आखडते. दुसरं विषाचं. सोडियम आणि क्लोराइड पाण्याबरोबर वर चढत राहतात आणि जे पान जास्त दिवस पाणी ओढत आलंय त्यात जास्त साठतात. हे दिसायला आठवडे लागतात. झाडाकडे यावर उपाय आहेत. मुळाच्या पेशीत सोडियम शिरला की कॅल्शियमची एक लाट उठते, ती ओळखणारं एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, आणि ते एसओएस-१ नावाच्या पंपाला चालू करतं. तो सोडियम पेशीबाहेर फेकतो. बाहेर फेकून जो उरतो त्याला एनएचएक्स प्रथिनं पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतात. जो निसटून खोडाकडे निघतो त्याला एचकेटी प्रथिनं वाटेतच काढून घेतात. या सगळ्यांच्या वर हुकूम देणारी प्रथिनं असतात, डब्ल्यूआरकेवाय, एनएसी, बीझिप, डीआरईबी अशी त्यांची कुटुंबं. कुठलं जनुक कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे ती ठरवतात.

कुटुंब शब्द इथं अक्षरशः खरा आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी शेंगवर्गीय वनस्पतींच्या एका पूर्वजाचा अख्खा जनुकसंच दुप्पट झाला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती झाल्या, त्यातल्या काही नाहीशा झाल्या, काही उरल्या. उरलेल्यांचं आपल्याकडच्या खटल्याच्या घरासारखं झालं. आडनाव एक, चेहरेपट्टी एक, पण एक भाऊ शेत बघतो, एक सुरतेला मिलमध्ये गेला, एक कोर्टकचेऱ्या सांभाळतो, आणि एक नुसताच ओट्यावर बसलेला असतो, तो कामाला कधी येईल ते संकट आल्याशिवाय कळत नाही. राजम्यात एकट्या डब्ल्यूआरकेवाय कुटुंबात नव्वदच्या आसपास जनुकं आहेत. त्यातली काही बुरशी आली की जागी होतात, काही दुष्काळात, काही मिठानं. काही मुळात बोलतात आणि पानात मुकी असतात. सोयाबीनचा जनुकसंच तर सव्वा-दीड कोटी वर्षांपूर्वी पुन्हा एकदा दुप्पट झाला, त्यामुळे त्याचं घर आणखी भरलेलं.

ही माहिती आता उघडी आहे. तुरीचा जनुकसंच २०१२ साली वाचून झाला आणि हरभऱ्याचा २०१३ साली, दोन्हींत पतंचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचा मोठा वाटा. २०१४ साली राजम्याचा आला, पेरूमधल्या जी-१९८३३ या वाणावरून, ११ गुणसूत्रं आणि सुमारे २७ हजार जनुकं. त्याच वर्षी मुगाचाही आला. त्यानंतर कडधान्यांमधल्या अमुक कुटुंबात इतकी जनुकं, त्यातली इतकी मिठानं जागी झाली, अशा शोधनिबंधांचा पूर आला. संगणकावर बसून होणारं काम आहे, त्याला शेत लागत नाही. मी त्याला हसत नाही. पण ‘मीठ सोसणारं जनुक सापडलं’ अशी बातमी दिसली की ते कुठल्या मातीत सापडलं हे आधी बघतो.

बहुतेकदा ते मातीत सापडलेलंच नसतं. पाण्यात किंवा वाळूच्या कुंडीत कोवळं रोप, त्याला २०० मिलिमोलर साध्या मिठाचा डोस, म्हणजे लिटरला जवळजवळ १२ ग्रॅम, आणि पुढच्या काही तासांत कुठली जनुकं जागी झाली त्याची मोजणी. एवढ्या खारात आमच्या रानातला मूग उभाच राहणार नाही. आमच्याकडे खार असा एकाएकी कोसळत नाही, पाळीपाळीनं चढतो. तो नुसता मिठाचा नसतो, चोपणात सोडियम कार्बोनेट-बायकार्बोनेटचा असतो, सामू साडेआठच्या वर गेलेला असतो, लोह असून पिकाला मिळत नाही आणि मुळाला हवा नसते. कुंडीत जो भाऊ कर्ता निघाला तो इथं उपयोगाचा असेलच असं नाही. इथं कदाचित पाण्याखाली गुदमरताना धीर देणाऱ्या ईआरएफ कुटुंबातलं कुणी लागेल, ज्या कुटुंबातल्या सब-१ए या जनुकामुळे पुरात तगणारं ‘स्वर्णा सब-१’ भात शेतकऱ्यांच्या हाती आलं. शिवाय मुगाचं खरं नुकसान होतं फुलोऱ्यात आणि शेंग भरताना, आणि चाचणी होते दहा-बारा दिवसांच्या रोपावर.

तरीही हा रस्ता पोहोचतो, याचे दाखले आहेत. ऑस्ट्रेलियात राना मन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकदाणी गव्हाच्या एका जुन्या जातीतलं एचकेटी कुटुंबातलं जनुक साध्या संकरानं पास्त्याच्या गव्हात आणलं आणि २०१२ साली खारवट शेतात २५ टक्के जास्त उत्पादन दाखवलं. २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनी सोयाबीनमधलं जीएमसॉल्ट-३ शोधलं. नाजूक वाणांत त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक उपरा तुकडा घुसलेला आहे आणि त्यानं ते निकामी झालंय. म्हणजे शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या जमिनीत बियाणं निवडलं आणि खार सोसणारं जनुक हातातून निसटलं तरी कुणाला पत्ता लागला नाही. चांगल्या जमिनीत त्याची गरजच पडत नव्हती ना! आपल्या देशातही करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेनं खारवट मातीतच निवड करून ‘करनाल चना-१’ हा हरभरा दिला. कडधान्यांना हे जमतच नाही, असं म्हणायची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

माझ्या मागणीचा गाभा इथं आहे. जी कसोटी लावाल तसा वाण मिळतो. त्याला बाहेरचा दाखला कशाला, धुळ्याची बाजरीच घ्या. उत्पादन बघत होतात तोवर उत्पादन मिळालं. दाण्यातलं लोह मोजायला घेतलं आणि ‘फुले आदिशक्ती’, ‘फुले महाशक्ती’ असे वाण आले. २०१८ पासून तर संकरित बाजरीचा वाण पुढे जायचा असेल तर लोह किमान ४२ आणि जस्त ३२ पीपीएम हवं, अशी देशपातळीवरची अट झाली. आमच्यापर्यंत येणाऱ्या मूग-उडदाच्या शिफारशीत काय असतं? इतक्या दिवसांत पक्व, हेक्टरी इतके क्विंटल, भुरीला प्रतिकारक, केवड्याला बळी पडत नाही. सगळं आवश्यकच आहे. त्यात एक ओळ वाढवा: इतक्या क्षारतेत इतकं उत्पादन टिकलं.

जागेचं सांगायचं तर, संशोधन केंद्राची जमीन बहुतेक निगुतीनं राखलेली असते, तिच्यावर हे होणार नाही. सांगलीकडच्या क्षारपड जमिनीवर कसबे डिग्रजच्या केंद्राचं काम आहे हे ठाऊक आहे. पण तिथलं दुखणं मुख्यतः उसाच्या पाटपाण्याचं, आमचं ठिबक, बोअर आणि चोपणाचं. म्हणून तापी आणि पांझरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांच्याच रानात तीन तऱ्हेचे तुकडे घ्यावेत: पांढरा खार, चोपण, आणि ताडून पाहायला शेजारचीच चांगली जमीन. उन्हाळी हंगाम महत्त्वाचा, कारण पावसाळ्यात वरचा खार धुऊन जातो आणि नापास होणारा वाणही पास होतो. वाण घेताना वैभव मूग आणि टीएयू-१ उडीद असावेतच, जळगाव-७८१ सारखा जुना मूगही असावा, आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांनी मडक्यात राखेत जपलेलं गावरान बी असावं. उडदाचा रानटी पूर्वज आपल्या सह्याद्रीत आजही उगवतो. रोपपैदास करणाऱ्यांनी त्याच्याकडे एकदा या नजरेनं पाहावं. उष्ण प्रदेशातल्या समुद्रकिनाऱ्यांवर वाढणारी विग्ना मरीना ही मुगाचीच लांबची नातेवाईक, आणि जपानी शास्त्रज्ञ तिच्यामागे लागलेत ते उगाच नाही.

मग त्यातले सगळ्यात तगणारे आणि सगळ्यात आधी कोसळणारे असे मोजके वाण वेगळे काढून, फुलोऱ्याच्या वेळी, त्याच मातीतल्या मुळांत आणि पानांत ही कुटुंबं तपासा. पानातलं सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण मोजा, गाठी मोजा, शेंगा मोजा, आणि मग विचारा की कोणतं जनुक जागं होतं. प्रश्न शेतातून प्रयोगशाळेत जाऊ द्या. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंधाला विषय शोधत असतात, त्यांना हा विषय घरचा आहे.

एक शंका आपल्या मनात येईल, म्हणून बोलून टाकतो. वाण मिळाला की शेतकरी जमीन सुधारायचं सोडेल का? ही भीती रास्त आहे. सोडियम बाहेर फेकणारा पंप फुकट चालत नाही, त्याला झाड आपल्या साखरेतून मोल देतं, आणि ते शेंगेतून वजा होतं. खार वाढतच राहिला तर कुठलंही कुटुंब पुरं पडणार नाही. चर, जिप्सम, धैंचा यांना वाण हा पर्याय नाही. पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटकऱ्यानं पाणी द्यायचं तसं जास्तीचं पाणी फडाबाहेर काढून देण्याचीही सोय असे, आणि एका फडात कोणतं पीक घ्यायचं ते सगळे मिळून ठरवत. ठिबक आली तशी पाणी बाहेर काढण्याची गोष्टच आम्ही विसरलो, कारण पाणी दिसेनासं झालं. वाण मिळाला तर जमीन सुधारेपर्यंतची मधली वर्षं निघतील आणि मुगाचा बेवड रानातून कायमचा जाणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

उन्हाळी मूग पेरायचा तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा पहिला आठवडा ही वेळ. म्हणजे वाणांची यादी दिवाळीपर्यंत ठरायला हवी आणि तुकडे त्याआधी, पाऊस उघडल्यावर लगेच, हिंडून पाहायला हवेत, कारण तेव्हा चोपण डोळ्यांनी ओळखू येतं. शेतकऱ्यांना भाड्याची अपेक्षा नाही. पाण्याचा आणि मातीचा अहवाल मात्र सोडियमच्या आकड्यासकट त्यांच्या हातात द्या, आणि जो वाण मरेल त्याचंही नाव सांगा.

आपला,
तापीकाठचा एक शेतकरी, जि. जळगाव